सिकंदर, साशा, सांडोर, अलिस्टर : एकाच नावाचा माग कसा काढायचा?

पारंबी

नावांच्या व्युत्पत्तीवर इथे बरेच धागे झाले, पण ते बहुतेक संस्कृत नावांपुरते राहिले. या वेळी एकच परदेशी नाव घेऊन त्याचा माग शेवटपर्यंत काढू या. नाव आहे अलेक्झांडर.

पुढच्या यादीतली कुठली नावं खरोखर या कुळातली आणि कुठली नुसती सारखी दिसणारी, ते ठरवायचं आहे : सिकंदर, इस्कंदर, साशा, शुरा, सँडी, सांद्रा, सांडोर, अलिस्टर, अलेहांद्रो, सेंडर, ॲलेक्स, आणि गोव्याकडे जुन्या नोंदींत भेटणारं अलेइशु. नुसतं 'आहे' किंवा 'नाही' नको. कशावरून ओळखलं तेही लिहा, म्हणजे दुसऱ्या नावाला तीच रीत लावता येईल. मराठी नावकोशात याची नोंद करायची झाली तर मुख्य रूप कुठलं धरायचं, हा प्रश्न शेवटी घेऊ.

शिलालेख

मूळ ग्रीक रूप अलेक्सांद्रोस. त्याचे दोन तुकडे पडतात. 'अलेक्सो' हे क्रियापद, अर्थ परतवून लावणं, राखण करणं. दुसरा 'आनेर', म्हणजे पुरुष. त्याची षष्ठी 'आंद्रोस'. दोन्ही तुकड्यांचे भाऊबंद संस्कृतात आहेत. 'अलेक्सो' आणि 'रक्षति' एकाच धातूचे, 'आनेर' आणि 'नृ, नर' एकाच शब्दाचे. इथे एक गल्लत नेहमी होते, म्हणून आधीच सांगतो. भाऊबंद असणं म्हणजे एकाने दुसऱ्याकडून उचलणं नव्हे. ग्रीकांनी हे नाव संस्कृतातून घेतलं नाही आणि आपण 'रक्ष' त्यांच्याकडून घेतला नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढंच.

आता नाव किती जुनं? त्या मॅसिडोनियाच्या राजापासून सुरुवात धरली तर चुकतं. त्याला इतिहासात 'तिसरा अलेक्झांडर' म्हणतात, कारण त्याच्या आधी त्याच्याच घराण्यात या नावाचे दोन राजे होऊन गेले. होमरच्या काव्यात हेलनला पळवून नेणाऱ्या पॅरिसचं दुसरं नाव अलेक्सांद्रोसच आहे.

त्याहून मागचे दोन पुरावे आहेत. तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे सापडलेल्या, हित्ती या प्राचीन राज्याच्या क्युनिफॉर्म (खिळ्यांसारख्या लिपीतल्या) पाट्यांत राजा दुसरा मुवातल्ली आणि विलुसा देशाचा राजा 'अलक्सांदु' यांच्यातला करार आहे, सुमारे इ.स.पू. १२८० चा. विलुसा म्हणजेच ट्रॉयचा प्रदेश असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. अलक्सांदु हे मूळ ग्रीक नाव की अनातोलियातलं, यावर पूर्वी बराच वाद झाला. त्या वादात दुसरा पुरावा महत्त्वाचा ठरतो. ग्रीसमधल्या मायसिनीच्या एका लिनिअर बी (ग्रीक लिहिण्याची फार जुनी लिपी) पाटीवर, बायकांच्या नावांच्या यादीत, 'अ-रे-का-सा-दा-रा' असं नाव आहे. ही लिपी अक्षरांची. तिच्यात ल आणि र यांना एकच चिन्ह, जोडाक्षर फोडून लिहायचं, आणि व्यंजनाआधीचा न लिहायचाच नाही. हे तीन नियम उलटे लावले की 'अ-रे-का-सा-दा-रा' म्हणजे अलेक्सांद्रा. इ.स.पू. १३व्या शतकात हे नाव ग्रीक बोलणाऱ्यांत रुळलेलं होतं, तेही बाईचं.

माग काढायची रीत अशी : स्वर विसरा, व्यंजनांचा सांगाडा धरा. ल-क्स-न-द-र. प्रत्येक भाषेने यातलं काय ठेवलं, काय कापलं, काय उलटवलं ते पाहायचं. कापण्याला त्या भाषेत कारण सापडलं तर नाव कुळातलं. कारण सापडत नसेल तर थांबायचं.

चौकसबुद्धी

उत्तम सुरुवात. पण मग सिकंदरमध्ये ल कुठे गेला? आणि क्सचा स्क कसा झाला? सांगाड्यातलं पहिलंच हाड नाही.

दख्खनी

चौकसबुद्धी, ल अरबीत गेला. अरबीत 'अल्' हे नामाला लागणारं निश्चयदर्शक उपपद आहे, इंग्रजी 'द' सारखं. 'अलेक्सांदर' कानावर पडल्यावर अरबी बोलणाऱ्यांनी सुरुवातीचं 'अल्' हे आपलं उपपद समजून वेगळं काढलं. उरलं 'एक्संदर', आणि क्सची उलटापालट होऊन 'इस्कंदर'. म्हणूनच इजिप्तमधलं शहर अरबीत आजही 'अल्-इस्कंदरिया' आहे. तिथे 'अल्' परत आलेलं दिसतं, पण आता ते नावाचा भाग नाही, व्याकरणाचा आहे. माणसाचं नाव नुसतं इस्कंदर.

इस्कंदर आणि सिकंदर यांतला फरक बघण्यासारखा आहे. शब्दाच्या आरंभी 'स्क' आला की तो फोडायच्या दोन सोयी असतात. आधी स्वर लावायचा, किंवा मधे स्वर घालायचा. अरबीत आरंभी जोडव्यंजन चालतच नाही, म्हणून इस्कंदर. फारसीत दोन्ही रूपं चालली, इस्कंदर आणि सिकंदर. हिंदुस्थानात दुसरं रुळलं. मराठीने या दोन्ही सोयी इंग्रजी शब्दांवर वापरल्या आहेत, इस्टेशन आणि सकूल आठवा.

मराठीत आणखी एक पायरी आहे. इकाराआधी आपला स अनेकदा श होतो : सिपाही – शिपाई, सिक्का – शिक्का. त्यामुळे जुन्या मराठी कागदांत 'शिकंदर' दिसला तर तो वेगळा माणूस किंवा वेगळं नाव समजू नये. विजापूरचा शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशहा. १६७२ मध्ये चार वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं, सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं. म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या वेळी विजापूरच्या गादीवर हाच होता. त्या काळातले कागद वाचणाऱ्याला शिकंदर, सिकंदर, इस्कंदर ही तिन्ही रूपं शोधावी लागतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद पाळत नाहीत, म्हणून शि आणि शी दोन्ही घालून पाहा.

हिंदुस्थानात हे बहुतेक वेळा जन्मनाव नसून बिरुद किंवा राज्याभिषेकाचं नाव असतं, हे विसरू नका. दिल्लीचा सिकंदर लोदी (१४८९–१५१७) याचं मूळ नाव निजाम खान. अकबराची कबर ज्या सिकंदऱ्याला आहे ते गाव या लोदीच्या नावावरून, ग्रीक राजाचा त्याच्याशी काही संबंध नाही. अल्लाउद्दीन खिलजीने नाण्यांवर 'सिकंदर-ए-सानी', म्हणजे दुसरा सिकंदर, असं पाडलं. सिकंदराबाद १८०६ चं, तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या नावाचं. एखाद्या गावाच्या नावात सिकंदर दिसला की 'इथे ग्रीक आले होते' अशी दंतकथा तयार होते. आधी त्या भागात कुठला लोदी, शहा किंवा निजाम होता ते पाहावं.

रानवाट

इस्कंदर वरून 'स्कंद'च दिसतो ना? स्कंद देवसेनापती, हाही सेनापती. हे नाव मुळात आपलंच असून तिकडे गेलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. शिवाय 'अलक्षेंद्र' हे संस्कृत रूपही आहेच.

शिलालेख

रानवाट, ही शंका पुष्कळांना येते, म्हणून सविस्तर लिहितो.

इस्कंदरमधला 'स्क' हा दख्खनींनी सांगितलेल्या उलटापालटीतून आला. तो अरबीच्या वाटेवरचा आहे, ग्रीकमध्ये तो कधीच नव्हता. ग्रीक नाण्यांवर, लेखांवर सगळीकडे 'क्स'च आहे. स्कंद मात्र पहिल्यापासून स्कंदच. पतंजलीच्या महाभाष्यात पाणिनीच्या ५.३.९९ या सूत्रावर मूर्तींची चर्चा आहे, तिथे शिव, स्कंद, विशाख अशी नावं येतात. पुढे कुषाण राजा हुविष्क याच्या नाण्यांवर या देवांची चित्रं आहेत आणि बाजूला ग्रीक अक्षरांत 'स्कंदो', 'कोमारो', 'बिझागो' असं लिहिलं आहे. बिझागो म्हणजे विशाख. ग्रीक लिपी वापरणाऱ्या त्या टाकसाळीला स्कंद हे नाव अलेक्झांडरच्या नावाहून वेगळं म्हणून नीट माहीत होतं. दोन्ही नावं एकाच प्रदेशात शेजारी होती आणि मिसळली नाहीत, याहून चांगला पुरावा मिळणं अवघड.

'अलक्षेंद्र' हे अलीकडे घडवलेलं संस्कृत वळणाचं रूप आहे. कानाला छान लागतं, पण प्राचीन नव्हे. प्राचीन रूप हवं असेल तर अशोकाचा १३ वा गिरिलेख उघडा. तिथे पाच यवन राजांची नावं येतात : अंतियोक, तुरमय, अंतेकिन, मग आणि अलिकसुदर. वायव्येकडच्या शाहबाजगढीला, खरोष्ठीत, 'अलिकसुदरो'. देहरादूनजवळच्या कालसीला 'अलिक्यषुदले'. र चा ल आणि शेवटी ए, हे पूर्वेकडच्या मागधी वळणाचं लक्षण. तिथे राजाचाही 'लाजा' होतो. सांगाडा लावून पाहा : ल-क-स-द-र. लिनिअर बीप्रमाणे इथेही न गळला आहे, जोडाक्षर फुटलं आहे. हजार वर्षांच्या अंतराने, एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन लिपींनी तेच जोडाक्षर फोडलं.

गिरनारच्या शिळेवर नेमका हा भाग तुटला आहे, त्यामुळे गिरनारचं वाचन देऊन 'चारच राजे' असं कोणी लिहिलं तर तो शिळेचा दोष. आपल्या नालासोपाऱ्याला सापडलेले तुकडे ८ व्या आणि ९ व्या लेखाचे आहेत. १३ वा तिथे मिळालेला नाही, म्हणून महाराष्ट्राच्या मातीतलं 'अलिकसुदर' मागू नये.

आणि हा अलिकसुदर जगज्जेता नव्हे. जगज्जेता इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला, अशोकाचा लेख त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी. लेखातला राजा एपिरसचा दुसरा अलेक्झांडर किंवा कॉरिंथचा अलेक्झांडर, यांपैकी एक. अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत.

चौकसबुद्धी

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथातलं 'अलसंद' याच कुळातलं का? तिथे मिलिंद आपला जन्म अलसंद द्वीपातला सांगतो.

शिलालेख

हो. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया, पण कुठली? त्या राजाच्या नावाची शहरं बरीच होती. मिलिंद म्हणजे बॅक्ट्रियन ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या जन्मासाठी काबूलच्या उत्तरेकडची, हिंदुकुशाच्या पायथ्याची अलेक्झांड्रिया जास्त पटते, इजिप्तची नव्हे. महावंसात (श्रीलंकेच्या पाली इतिवृत्तात) योन, म्हणजे यवन, महाधम्मरक्खित भिक्षूंना घेऊन ज्या अलसंदाहून येतो तेही बहुधा हेच. पालीत क्स सोपा होऊन स राहिला, शेवटचा र गळला. ल-स-न-द.

कंदाहारचं नाव इस्कंदरवरून आलं असं सर्रास लिहितात. ते ठाम धरू नका, गांधार आणि गोंदोफारेस या राजाचं नाव हेही दावेदार आहेत.

कात्युषा

रशियन बाजू माझ्याकडे. मराठीत रशियन कादंबऱ्यांची भाषांतरं वाचणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. एका पानावर अलेक्सांद्र, पुढच्यावर साशा, मग शुरा, मग सान्या, आणि वाचक चार माणसं मोजतो.

साखळी अशी आहे. अलेक्सांद्र – अलेक्साशा – साशा – साशुरा – शुरा. लाडाने लांबवलं आणि पुढून कापलं, पुन्हा लांबवलं आणि पुन्हा कापलं. शुरामध्ये मूळ सांगाड्यातलं जवळपास काहीच उरत नाही. म्हणून शिलालेख यांच्या रीतीला एक पुरवणी जोडते : लाडाच्या नावाला थेट मूळ नावाशी ताडून पाहू नका, मधल्या कड्या शोधा. मधली कडी नसेल तर शुरा आणि अलेक्सांद्र यांचं नातं कोणालाही पटणार नाही.

साशा, शुरा, सान्या ही बाई आणि पुरुष दोघांनाही चालतात, कारण अलेक्सांद्रा हे स्त्रीनाव तितकंच प्रचलित आहे. लिंग कळायचं ते पितृनामावरून. अलेक्सांद्रोविच म्हणजे अलेक्सांद्रचा मुलगा, अलेक्सांद्रोव्ना म्हणजे मुलगी. बाप-लेकाचं नाव एकच असेल, म्हणजे अलेक्सांद्र अलेक्सांद्रोविच, तर बोलताना त्याचं 'सान सानिच' होतं. हे टोपणनाव नव्हे, आदरार्थी पूर्ण नावच घाईत उच्चारलेलं आहे. भाषांतरात त्याचं 'सान्या' करून टाकलं तर आदर निघून जातो आणि संवादाचा सूर बिघडतो. कार्यालयात, शाळेत, वडीलधाऱ्यांशी बोलताना नाव आणि पितृनाव जोडीने. साशा फक्त जवळच्यांत.

शेजारी गेलात की स्वर बदलतो. युक्रेनियनमध्ये ओलेक्सांद्र, पोलिशमध्ये अलेक्सांदेर पण लाडाने ओलेक. आरंभीच्या अ चा ओ होणं ही पूर्व स्लाव्ह भाषांची जुनी खोड. युक्रेनियन माणसाचं नाव अलेक्सांद्र असं रशियन वळणाने लिहिणं आज तिकडे खटकतं. मराठीत लिहिताना ओलेक्सांद्रच लिहावं.

नाव रशियात लोकप्रिय झालं ते सिकंदरामुळे कमी आणि संत अलेक्सांद्र नेव्स्कीमुळे (१२२१–१२६३) जास्त. मूल कुठल्या संताच्या दिवसाच्या आसपास जन्मलं ते पाहून नाव ठेवायची चाल होती. नेव्स्कीचे अवशेष सेंट पीटर्सबर्गला आणल्याचा दिवस जुन्या पंचांगात ३० ऑगस्टला येतो, नव्यात १२ सप्टेंबरला. जुनी चर्च-नोंद वाचताना १३ दिवसांचा हा फरक धरला नाही तर जन्मतारीख आणि नामदिन (त्या नावाच्या संताचा दिवस) जुळत नाहीत. १९ व्या शतकातल्या नोंदीला मात्र १२ दिवसांचा फरक लावायचा. १३ हा १९०० नंतरचा.

आडनावात_काय

कात्युषाताईंचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'सिकंदराने जग जिंकलं म्हणून नाव जगभर गेलं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. मुसलमानी जगाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण तिथे फिर्दौसी आणि निजामी यांच्या काव्यांतला सिकंदर घराघरांत पोचला आणि बऱ्याच भाष्यकारांनी कुराणातला झुल्करनैन तोच मानला. युरोपात नावाचं वजन संतांमुळे, पोपांमुळे आणि त्या त्या देशाच्या राजांमुळे टिकलं.

स्कॉटलंड घ्या. तिथे या नावाचे तीन राजे झाले : पहिला ११०७–११२४, दुसरा १२१४–१२४९, तिसरा १२४९–१२८६. पहिल्याची आई मार्गारेट हंगेरीत वाढलेली. मुलाचं नाव पोप दुसरा अलेक्झांडर याच्यावरून ठेवलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. या तिघांमुळे नाव तिथे इतकं मुरलं की गेलिकने (तिथल्या जुन्या भाषेने) त्याचं अलस्देर केलं (क्स चा नुसता स), इंग्रजीत ते अलिस्टर झालं, त्यावरून मॅकॅलिस्टर आडनाव. तिकडचा सँडी, अलेक, आणि सँडर्स, सॉन्डर्स, सँडरसन ही आडनावंही याच घरची. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातला सँडी मात्र बहुधा संदीप असतो. सारखं दिसणं आणि नातं असणं वेगळं, याचं हे हाताशी असलेलं उदाहरण.

हंगेरीत सांडोर. तिथे पुढचं 'अले' सरळ कापलं. हंगेरियन नाव लिहिताना आडनाव आधी येतं, म्हणून कवी पेतफी सांडोर, सांडोर पेतफी नव्हे. १८ मार्च हा सांडोरचा नामदिन, १९ ला योझेफ, २१ ला बेनेदेक. हे तिघं पोत्यातून ऊब घेऊन येतात अशी तिकडे म्हण आहे, थंडी संपते म्हणून. नाव पंचांगात असं जाऊन बसलं की मग कुठल्या राजाची आठवण लागत नाही.

मांडवीकाठ

आता गोव्याकडे वळतो, कारण मूळ यादीत 'अलेइशु' आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

पोर्तुगीजमध्ये दोन नावं आहेत. एक अलेक्सांद्रेचं पोर्तुगीज रूप. लिहिण्यात एक्स, उच्चारात श, म्हणून 'अलेशांद्र'. दुसरं 'अलेइशु', तिथेही एक्सचा श. हे दुसरं अलेक्झांडर नव्हे. ते ग्रीक 'अलेक्सिओस', लॅटिन अलेक्सियस. दोन्हींत 'अलेक्सो' हे क्रियापद तेच आहे, पण अलेक्सिओसमध्ये 'आंद्रोस' हा तुकडा मुळातच नाही. न-द-र कापला गेलेला नाही, तो कधी नव्हताच. चुलत नाव म्हणा, पण एक नाव नव्हे.

संत वेगळे, सण वेगळा. संत अलेक्सियस म्हणजे परंपरेप्रमाणे रोमचा तो श्रीमंत घरचा मुलगा, जो लग्नाच्या रात्रीच घर सोडून गेला आणि परतल्यावर आईबापांच्याच घरात जिन्याखाली ओळख न देता भिकाऱ्यासारखा राहिला. पश्चिमेकडच्या चर्चच्या जुन्या पंचांगात त्याचा दिवस १७ जुलै. गोव्यात कुडतरी आणि कळंगुट इथली चर्च त्याच्या नावाची आहेत. इंग्रजीत दोन्ही 'सेंट ॲलेक्स' म्हणून ओळखली जातात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. गोव्यातला ॲलेक्स हा अलेशांद्रही असू शकतो आणि अलेइशुही. आजचं आधारकार्ड पाहून ते सांगता येत नाही. बाप्तिस्म्याची नोंद पाहावी लागते.

नोंद वाचताना नेमकं काय पाहायचं? एक्सच्या आधी आय किंवा जुन्या लिखाणात वाय आहे का ते. असेल तर अलेइशु. हात भरभर चाललेला असला तर लेखनिक अलेशांद्र पूर्ण लिहीत नाही. 'अलेक्स' एवढं लिहून शेवटचा ए बारीक, ओळीच्या वर टाकतो. तो वरचा बारीक ए पुसट झाला की नाव नुसतं ॲलेक्स वाचलं जातं. मग आईबापांच्या आणि गॉडफादरच्या रकान्यात, किंवा त्याच माणसाच्या लग्नाच्या नोंदीत पूर्ण नाव सापडतं का ते शोधायचं. नोंद लॅटिनमध्ये असेल तर षष्ठी रूप येतं, 'अलेक्सांद्री' म्हणजे अलेक्झांडरचा, आणि 'अलेक्सी' म्हणजे अलेक्सियसचा. 'अमक्याचा मुलगा' या जागी ते हमखास भेटतं. तिथलं शेवटचं ई म्हणजे मुलीचं नाव समजून वंशावळीत एक मुलगी जास्तीची घुसवलेली असते, ती चूक तपासा.

स्पॅनिश अलेहांद्रोचंही इथेच सांगतो. जुन्या स्पॅनिशमध्येही तो आवाज श च होता, पोर्तुगीजसारखा. पुढे स्पॅनिशमध्ये तो घशातल्या ह-ख कडे सरकला आणि लिखाणात एक्सच्या जागी जे आला. म्हणून क्स – श – ह ही वाट. ह दिसला म्हणून नाव परकं समजू नये.

चौकसबुद्धी

मांडवीकाठ, म्हणजे अलेक्सिस आणि रशियन अलेक्सेई हेही अलेक्झांडर नव्हेत?

कात्युषा

नव्हेत. अलेक्सेई म्हणजे अलेक्सिओस, लाडाने अल्योशा. अल्योशाला साशा म्हणत नाहीत. भाषांतरात दोघं एकाच घरात असतील तर हे नीट सांभाळावं लागतं. ग्रीसमध्ये मात्र सावध राहा, तिथे अलेक्सांद्रोसला घरी अलेकोस म्हणतात तसं अलेक्सिसही म्हणतात.

दख्खनी

ज्यू परंपरेचं राहिलं, यादीत सेंडर आहे. यिद्दिशमध्ये (युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत) पुढचं 'अलेक' कापून सेंडर किंवा झेंडर. धार्मिक आणि व्यवहारातलं नाव जोडून 'अलेक्झांडर सेंडर' असं जोडनाव येतं. एकच नाव दोनदा आलेलं पाहून नक्कलचूक समजू नये. मध्ययुगीन ज्यू कथेत, जेरुसलेमच्या मुख्य पुरोहिताने सिकंदराला पुतळा नाकारला आणि त्याऐवजी त्या वर्षी जन्मलेल्या पुरोहितांच्या मुलांना त्याचं नाव द्यायचं कबूल केलं, असं सांगतात. ती कथाच. पण नाव ज्यूंमध्ये फार लवकर आलं याचा पक्का पुरावा नाण्यांवर आहे. राजा अलेक्झांडर यन्नाय (इ.स.पू. १०३–७६) याच्या नाण्यांवर हिब्रूत 'यहोनातान' आणि ग्रीकमध्ये 'अलेक्सांद्रोस' आहे. एकाच माणसाची दोन नावं, कोणापुढे कुठलं ते लिपीने ठरवलेलं.

आणि याच्या अगदी उलट पारशी परंपरा. पहलवी (जुन्या फारसी) ग्रंथांत सिकंदर 'गुजस्तग', म्हणजे शापित, अलेक्सांदर आहे, धर्मग्रंथ जाळणारा. तिथे रूपही अलेक्सांदर, ल शाबूत. पुढच्या फारसी काव्यातलं इस्कंदर अरबीकडून आलं, म्हणून ल गायब. एकाच देशात शापित अलेक्सांदर आणि नायक इस्कंदर, दोन वाटांनी आलेले. नुसत्या रूपावरून मजकूर कुठल्या परंपरेतला आहे याचा अंदाज बांधता येतो.

इस्कंदर पूर्वेकडे मलय देशांत गेला तो झुल्करनैनच्या जोडीने. मलय इतिवृत्तांत राजवंश थेट इस्कंदर झुल्करनैनपर्यंत नेतात. सुमात्रातल्या आचेचा सुलतान इस्कंदर मुदा (१६०७–१६३६), 'मुदा' म्हणजे तरुण. बांदा आचेचा विमानतळ आज त्याच्या नावाने आहे. इथिओपियात, ख्रिस्ती राज्यात, एस्केंदर. हा राजा १४७८ ते १४९४. तिथेही ल नाही, म्हणजे नाव ग्रीकमधून थेट नव्हे, अरबीच्या वाटेने. अल्बेनियाचा स्कांदरबेग (मृत्यू १४६८) मूळचा ग्यर्ग कास्त्रिओती. ऑटोमन दरबारात मिळालेलं नाव इस्केंदर, त्याला बे जोडून हे रूप. ज्यांच्याशी तो पुढे लढला त्यांनीच दिलेलं नाव, आणि अल्बेनियात आज स्कांदर हे देशाभिमानाचं नाव आहे.

पारंबी

फार मोलाची भर पडली. दोन गोष्टी अजून उरल्या. सांद्रा आणि स्त्रियांची नावं, आणि नावकोशातली नोंद.

आडनावात_काय

सांद्रा इटालियन. अलेस्सांद्रा, त्याचं पुढचं कापून सांद्रा, पुरुषाचं सांद्रो. इटालियनमध्ये क्स टिकत नाही, दुहेरी स होतो, म्हणून स-न-द-र. डेन्मार्कची अलेक्झांड्रा १८६३ मध्ये इंग्लंडच्या युवराजाची पत्नी झाल्यावर इंग्रजी मुलखात हे स्त्रीनाव एकदम वर आलं. त्याच वर्षी मुंबईत फोर्टमध्ये माणेकजी कर्सेटजींनी मुलींची इंग्रजी शाळा काढली, तिला तिचंच नाव दिलं. १९१४ च्या अलेक्झांड्रा डॉकला नाव तिचंच. आजचा इंदिरा डॉक तो हा.

हिंदुस्थानात 'सिकंदर' हेच रूप बाईलाही चाललं आहे. भोपाळची सिकंदर बेगम, राज्य १८६० ते १८६८, त्याआधी बरीच वर्षं मुलीच्या वतीने कारभार. १८६३-६४ मध्ये तिने मक्केची यात्रा केली. लखनौचा सिकंदर बागही सिकंदर महल बेगमेच्या नावाचा. त्यामुळे कागदात नुसतं 'सिकंदर' दिसलं तर पुरुष धरून चालू नका, पुढचं बेगम, महल, जहाँ पाहा.

शिलालेख

नोंदीबद्दल माझं मत : मुख्य शब्द 'अलेक्झांडर' ठेवावा. यातला क्झ इंग्रजी उच्चारातून आला हे खरं, पण मराठी वाचक शोधेल तो तिथेच. त्याखाली ग्रीक मूळ आणि सांगाडा. 'सिकंदर' ही स्वतंत्र मुख्य नोंद हवी, उपरूप म्हणून दडवू नये. मराठीत तिचा स्वतःचा तीनशे वर्षांहून जुना संसार आहे. दोन्हीकडून एकमेकींकडे बोट दाखवावं. शिकंदर, इस्कंदर यांना फक्त 'पाहा सिकंदर'. अलेक्सिस, अलेक्सेई, अलेइशु यांची वेगळी नोंद, आणि तिथे 'अलेक्झांडर नव्हे' असं स्पष्ट लिहावं, नाहीतर पुढचा संपादक ती एकत्र करून टाकतो.

व्यक्तीचं नाव लिहिताना तिच्या भाषेतला उच्चार धरावा : रशियन अलेक्सांद्र, युक्रेनियन ओलेक्सांद्र, पोर्तुगीज अलेशांद्र, स्पॅनिश अलेहांद्रो, ग्रीक अलेक्सांद्रोस. सगळ्यांचं अलेक्झांडर करू नये. अपवाद इतिहासात रुळलेल्या राजांचा आणि पोपांचा. पोपांच्या क्रमांकात एक खाच आहे. आठव्यापर्यंत आकडे जातात, पण पाचवा पिसाच्या परिषदेने निवडलेला होता आणि आज अधिकृत यादीत तो पोप धरत नाहीत. म्हणून १४९३ चा जगवाटणीचा (नव्या मुलखांबद्दलचा) आदेश काढणारा सहावा अलेक्झांडर मोजणीने पाचवा भरतो. यादी करताना आकडा दुरुस्त करू नका, सहावाच ठेवा.

कात्युषा

संगणकावर शोधणाऱ्यांसाठी एक. तुर्की इस्केंदरचं पहिलं अक्षर टिंबवालं मोठं आय आहे. तुर्की वर्णमालेत बिनटिंबाचं आणि टिंबाचं ही दोन वेगळी अक्षरं, टिंबाचं नंतर येतं. साधं इंग्रजी आय घालून शोधलं तर काही यंत्रणा ते नाव दाखवतच नाहीत, आणि छापील तुर्की यादीतही ते बिनटिंबाच्या सगळ्या नावांनंतर असतं. दोन्ही अक्षरं घालून शोधा. बुर्साच्या इस्केंदर कबाबच्या पाट्यांवर ते टिंब मोठ्या अक्षरावरही ठळक दिसतं.

मांडवीकाठ

शिलालेख, 'अलेइशु'च्या नोंदीत जुनं वायवालं लिखाणही द्या. गोव्याच्या सरकारी अभिलेखागारातल्या जुन्या वह्या वाचणाऱ्याला आधी तेच भेटतं.

पारंबी

देते. यादीचा निकाल असा धरते : अलेइशु बाहेर, ॲलेक्स नोंद पाहून, सँडी जागा पाहून, बाकी सगळी आत. पुढच्या आठवड्यात याच रीतीने योहान – यह्या – इवान – जुवांव घेऊ. मांडवीकाठ, गोव्यातल्या सांजावची (संत योहानाच्या सणाची) बाजू तुमच्याकडे.